मोटारसायकलचा टेकू : लोखंडापासून लाकडापर्यंत

दुचाकी चालती असते तोवर तोल धरते. थांबली की तिला आधार लागतो. त्यामुळे मोटारसायकलच्या स्टँडचा इतिहास मोटारसायकलइतकाच जुना आहे. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीतील कानश्टाट येथे पेट्रोल इंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. तिचा सांगाडा लाकडाचा होता. चाकेही लाकडी होती आणि त्यांवर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव होती. २६४ घनसेंटिमीटरचे इंजिन जेमतेम अर्धी अश्वशक्ती देई आणि गाडी ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगाने जाई. तोल राखण्यासाठी दोन्ही अंगांना स्प्रिंगवर बसवलेली लहान चाके होती. चालताना तीच आधार देत आणि थांबल्यावर स्टँडचे कामही तीच करीत. मूळ गाडी १९०३ मध्ये कानश्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगीत जळाली. संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती आहेत.

पुढे बाजूची चाके गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीची मोटारसायकल म्हणजे इंजिन बसवलेली भक्कम सायकलच होती. तिच्या मागच्या चाकाच्या आसाजवळ बिजागरीवर फिरणारा लोखंडी स्टँड असे. तो खाली पाडायचा, गाडीचा मागचा भाग धरून ती मागे ओढायची, की मागचे चाक जमिनीवरून उचलले जाई. निघताना स्टँड वर करून मडगार्डच्या टोकाला चापात अडकवून ठेवत.

या स्टँडला दोन कामे होती. पहिले इंजिन सुरू करण्याचे. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना क्लच नव्हता. इंजिनाची शक्ती कातडी पट्ट्याने थेट मागच्या चाकाला जाई, म्हणजे चाक फिरल्याशिवाय इंजिन फिरत नसे. गाडी स्टँडवर घेऊन पॅडल मारले की चाक हवेतच फिरे आणि इंजिन धडधडून गरम होई. नंतर गाडी खाली उतरवून, पुन्हा पॅडल मारून किंवा पळत ढकलून तिच्यावर उडी घ्यावी लागे. इंग्लंडमध्ये अल्फ्रेड अँगस स्कॉट याने १९०८ च्या सुमारास आपल्या गाडीला किक बसवली. किक, क्लच आणि गिअरबॉक्स रूढ झाले तसे स्टँडचे हे काम संपले.

दुसरे काम दुरुस्तीचे होते, आणि ते टिकले. त्या काळी रस्ते घोडागाड्यांचे होते व घोड्यांच्या नालांतून निखळलेले खिळे जागोजाग पडलेले असत. पंक्चर ही रोजची बाब. गॅरेजे विरळ होती, म्हणून पाने, टायर काढायच्या पट्ट्या आणि पॅचचे साहित्य गाडीवरच्या पेटीत असे आणि ते वापरण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर असे. गाडी उचलून धरण्याची सोय कारखान्याने द्यायची हे त्यात गृहीतच होते. पुढच्या शंभर वर्षांतही गाडीला कोणता स्टँड मिळतो, किंवा मिळतच नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवरून ठरत आले : चाक काढण्याची वेळ आली तर ते कोण काढणार?

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते लष्करी गाड्यांत. पहिल्या महायुद्धात ट्रायम्फच्या ५५० घनसेंटिमीटरच्या मॉडेल एच या सुमारे ३०,००० गाड्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याकडे गेल्या. दुसऱ्या महायुद्धात बीएसएने एम-२० ही गाडी सव्वा लाखावर संख्येने तयार केली. निरोप्या सैनिक एकटाच असे. आघाडीजवळच्या चिखलात पुढचे चाक पंक्चर झाले तर हात द्यायला कोणी नसे. म्हणून एम-२० ला मागच्या स्टँडखेरीज पुढच्या चाकासाठीही वेगळा स्टँड होता. शांततेच्या काळात अशीच कसोटी लागे ती १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत. तिथे स्पर्धकाला आपली गाडी स्वतःच दुरुस्त करावी लागे. या विचाराचे टोक १९४६ च्या व्हिन्सेंट रॅपिडने गाठले. तिचे चाक पान्याशिवाय, हाताने फिरवायच्या दांडीने काढता येई आणि तिचे बाजूचे दोन आधार एकत्र फिरवले की त्यांचाच पुढचा स्टँड होई.

दरम्यान मागचे चाक सांगाड्याला घट्ट बसवण्याची पद्धत मागे पडली. चाक वरखाली हलणाऱ्या दुहेरी दांड्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर, बसू लागले आणि मध्ये शॉकअब्सॉर्बर आले. याचा स्टँडवर झालेला परिणाम सहसा कोणी सांगत नाही. सांगाडा उचलला की स्प्रिंगवरचा भार जातो आणि चाक खाली लोंबते. ते जमिनीवरून सुटायला सांगाडा आणखी बराच वर घ्यावा लागतो. आसाजवळचा जुना स्टँड इथे गैरसोयीचा ठरला आणि गाडीच्या पोटाखाली, गुरुत्वमध्याच्या आसपास बसवलेला दोन पायांचा मधला स्टँड सार्वत्रिक झाला. त्याच्या रचनेत एक युक्ती आहे. पाय सरळ उभे राहून थांबत नाहीत; ते उभ्या रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडतात. गाडी आधी वर चढते आणि मग जराशी खाली बसते. त्यामुळे तिचे स्वतःचेच वजन स्टँडला मिटू देत नाही. बाहेर आलेल्या दांडीवर पाय देऊन शरीराचा भार टाकला की शे-सव्वाशे किलोची गाडी एका माणसाला वर घेता येते, ती याच तरफेमुळे.

भारतात मोटारसायकल घरोघरी पोचली ती या मधल्या स्टँडच्या काळात. मद्रासमध्ये १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया स्थापन झाली व स्विंगआर्म असलेली बुलेट इथे तयार होऊ लागली. म्हैसूरला १९६१ मध्ये जावा आली, एस्कॉर्ट्सची राजदूत आली. मुंबईत लँब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. महाराष्ट्रात मधल्या स्टँडला ‘डबल स्टँड’ आणि एका पायाच्या स्टँडला ‘साइड स्टँड’ म्हणण्याची रीत पडली. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी मिळालेली गाडी माणसे वीस-वीस वर्षे जपत. रविवारी अंगणात डबल स्टँडवर गाडी घेऊन प्लग साफ करणे आणि साखळीला तेल देणे हा मध्यमवर्गीय घरातला नेम होता.

पुण्यातून १९७२ मध्ये दोन गाड्या निघाल्या, बजाज चेतक आणि कायनेटिक लूना. चेतकला जादा चाक बरोबरच मिळे. पंक्चर झाले की चाक बदलायचे आणि पुढे निघायचे. लूनाची गंमत निराळी. तिला पॅडल होते. थंडीत इंजिन कुरकुर करू लागले की लूना स्टँडवर घेऊन जागच्या जागी पॅडल मारत. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात लोक जे करीत तेच, सत्तर वर्षांनी, पुण्याच्या पेठांत आणि तालुक्याच्या गावी चालले होते.

डबल स्टँडची एक उणीव मात्र कायम राहिली. तो मागचे चाक उचलतो, पुढचे नाही. पुढचे चाक काढायचे तर एकाने कॅरिअर दाबून धरायचे आणि दुसऱ्याने इंजिनाखाली काहीतरी सारायचे. ते ‘काहीतरी’ म्हणजे दगड, वीट किंवा लाकडाचा ठोकळा. दगड इंजिनाच्या खालच्या बाजूला ओरखडे पाडतो, वीट भाराने फुटते. लाकूड दबते पण तुटत नाही आणि धातूला इजा करत नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे पानेपट्ट्यांबरोबर पडलेला काळा, तेलकट ठोकळा हाच इथला पहिला लाकडी मोटारसायकल स्टँड म्हणायला हवा. त्याचा आराखडा कोणी काढला नव्हता आणि त्याला पैसेही पडले नव्हते.

१९८० नंतर मधला स्टँड हळूहळू नाहीसा होऊ लागला. सुरुवात शर्यतीच्या धर्तीवर बांधलेल्या गाड्यांपासून झाली. वळणात गाडी खोल झुकवली की स्टँडचे पाय रस्त्याला घासतात. शिवाय तिथे दोन-तीन किलो वजन वाचवण्याला किंमत असते. चार सिलिंडरच्या गाड्यांचे सायलेन्सरचे नळ पोटाखाली एकत्र आणले जाऊ लागले आणि स्टँडची जागाच गेली. हेच पुढे साध्या गाड्यांपर्यंत आले. २००१ ची पहिली पल्सर डबल स्टँड घेऊन आली होती. २०१२ मध्ये चाकणला तयार होऊन बाजारात आलेल्या केटीएम ड्यूक २०० च्या पोटाखाली सायलेन्सर होता आणि तिला फक्त साइड स्टँड होता. दुसरीकडे ट्यूबलेस टायरमुळे पंक्चर काढायला चाक काढावेच लागत नाही. गाडी आहे तशी उभी ठेवून भोकात चिकट दोरी भरली की झाले. देखभाल अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गेली, जिथे गाडी उचलायचे यंत्र असते. कारखान्याच्या हिशेबात मालकाने चाक उचलण्याचे कारण उरले नाही.

साइड स्टँडवरच भिस्त ठेवण्याचे तोटेही दिसले. गाडी एका बाजूला कलते, म्हणून पार्किंगमध्ये जास्त जागा अडवते. डांबर उन्हाने मऊ झाले किंवा पावसात माती भिजली की एकच पाय खाली रुततो. आणि तो वर करायला विसरले तर डाव्या वळणावर रस्त्याला अडकून अपघात होतो. शेजारून जाणारा अनोळखी माणूस ‘ओ काका, स्टँड!’ म्हणून ओरडतो, ही महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची एक मोठी निःस्वार्थ सार्वजनिक सेवा आहे. आता अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडण्याची सोय असते.

साखळीची निगा मात्र कुठे गेली नाही. उघड्या साखळीला काही शे किलोमीटरनंतर साफ करून तेल द्यावे लागते आणि त्यासाठी चाक फिरवत राहावे लागते. शर्यतीच्या मैदानावर याला उत्तर होते ते पॅडॉक स्टँडचे : गाडीपासून वेगळा, स्विंगआर्मखाली सारून लांब दांड्याने खाली दाबायचा लोखंडी सांगाडा. तो नळी वाकवून आणि वेल्डिंग करून होतो, म्हणजे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचा. मापाने घडवलेल्या लाकडी स्टँडचा जन्म या अडचणीतून झाला.

लाकडाकडे वळण्याची भूमी अमेरिकेत आणि युरोपात आधीच तयार होती. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ हे शिकागोचे मासिक १९०२ पासून घरच्या घरी वस्तू करण्याचे धडे देत होते. ब्लॅक अँड डेकरने १९४६ मध्ये घरगुती वापरासाठी स्वस्त विजेचा ड्रिल आणला. पाइनच्या ‘दोन बाय चार’ पट्ट्या कोणत्याही लाकूड दुकानात मिळत. या पट्टीचे खरे माप दीड बाय साडेतीन इंच असते. नावावर विसंबून खाच कापली की ती सैल होते आणि गाडी डुगडुगते.

सर्वांत साधा प्रकार पेटीचा. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतींच्या, गाड्यांना स्वतःचा स्टँड नसतो आणि इंजिनाखाली सपाट पत्रा असतो. तिथले लोक बाटल्यांचे किंवा दुधाचे क्रेट उलटे करून त्यावर गाडी चढवत. त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे १८ किंवा १९ मिलिमीटर प्लायवुडची, खाली रुंद आणि वर अरुंद पेटी. उंची अशी की दोन्ही चाके जमिनीपासून सुटावीत. वर जुन्या टायरचा किंवा पायपुसण्याचा रबर ठोकला की गाडी घसरत नाही. मोटोक्रॉसची गाडी शंभर-एकशे दहा किलोची असल्याने दोघांना ती उचलून ठेवता येते. जड गाडीला हा प्रकार निरुपयोगी आहे.

दुसरा प्रकार लांबच्या प्रवासाला निघालेल्यांचा, आणि खर्चाच्या दृष्टीने याच्याखाली काही नाही. त्यासाठी हवी फक्त एक काठी. गाडी साइड स्टँडच्या बाजूला कलती केली की तो पाय आणि पुढचे चाक यांच्यावर भार येऊन मागचे चाक सुटते. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने स्विंगआर्मखाली किंवा आसाच्या टोकाखाली काठी लावायची. गाडी तीन टेकूंवर उभी राहते. काठीच्या डोक्याला खाच हवी आणि तिचा पाय थोडा बाहेर हवा. पुढचा ब्रेक चिंधीने किंवा रबरी ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचा, कारण गाडी बोटभर जरी पुढे सरकली तरी साइड स्टँड मिटतो आणि सगळे कोसळते. या पद्धतीत झालेल्या बहुतेक पडझडी या एका विसरण्यातून होतात.

खरे सुतारकाम आहे ते पॅडॉक स्टँडच्या लाकडी रूपात. दोन आडव्या भुजा, त्यांना जोडणारी मागची दांडी आणि भुजांच्या पुढच्या टोकांशी उभे दोन खांब, ज्यांच्या डोक्यावरच्या खाचांत स्विंगआर्म बसतो. खांबांच्या पायाशी कोपरा गोल केलेला असतो. दांडी खाली दाबली की सगळा सांगाडा त्या गोलाईवर फिरून गाडी उचलतो. खाच टेकण्याच्या जागेच्या किंचित पलीकडे गेली पाहिजे, म्हणजे गाडीचे वजनच स्टँडला धरून ठेवते; मधल्या स्टँडची जुनी युक्ती इथे लाकडात उतरते. इथे स्विंगआर्मच उचलला जात असल्याने चाक लोंबत नाही. दोन-तीन सेंटिमीटर उचलले तरी पुरते आणि स्टँड बुटका राहू शकतो. मात्र शॉकअब्सॉर्बर काढायचा असेल तर हा स्टँड चालत नाही. तेव्हा आधार सांगाड्यालाच द्यावा लागतो.

नवख्याला भीती असते ती लाकूड भाराखाली चिरडण्याची. हिशेब मांडला की ती उरत नाही. एकशे दहा किलोच्या गाडीचा मागचा भार साठेक किलो धरला तर प्रत्येक खांबावर तीस किलो येतात. चार बाय चार सेंटिमीटरच्या खाचेत हा भार चौरस सेंटिमीटरला दोन किलोही होत नाही आणि हलके पाइनही त्याच्या कितीतरी पट सोसते. धोका असतो तो आडव्या हेलकाव्याचा. समोरून चौकोन दिसणारा सांगाडा बाजूला ढकलला की तिरपा होतो, म्हणून दोन खांबांच्या मध्ये तिरकी पट्टी किंवा प्लायवुडचा तुकडा हवाच. पाया रुंद हवा. भार लाकडाने लाकडावर द्यावा; स्क्रू आणि बोल्ट यांनी फक्त तुकडे एकत्र धरून ठेवावेत. ठोकलेला खिळा लाकडाच्या टोकाकडून, म्हणजे रेषांच्या दिशेने गेलेला असेल, तर काही महिन्यांतच सैल होतो. तिथे वॉशर लावून आरपार बोल्ट घातलेला बरा. खांबांच्या रेषा उभ्याच ठेवायच्या, कारण रेषांच्या दिशेने लाकूड आडव्यापेक्षा कित्येक पट भार घेते.

पैसे वाचतात ते लाकूड कोठून आणले यावर. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या मालवाहतुकीमुळे लाकडी पॅलेट जगभर पसरले, आणि वापरून टाकलेले पॅलेट हा स्वस्त लाकडाचा मोठा साठा झाला. देशोदेशी किडी पसरू नयेत म्हणून २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवतात आणि त्यावर ‘एचटी’ असा शिक्का मारतात. ‘एमबी’ शिक्का असलेल्या लाकडाला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते घरगुती कामाला टाळतात. चाकण, भोसरी, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत यंत्रांबरोबर आलेले पॅकिंगचे लाकूड मिळते. त्याच्या फळ्या पातळ असतात. स्टँडला कामाचे ते खालचे जाड दांडे. खिळे पिळाचे असल्याने ते उपटताना फळी फाटते, म्हणून करवतीच्या पात्याने खिळेच कापतात. शहरांतले वाडे पडले तेव्हा निघालेले जुने सागवानही उत्तम, पाण्याने न फुगणारे. बाभूळ कणखर, बैलगाडीच्या कामातले, पण तिला भोक पाडताना ड्रिलचे पाते तापते. आंब्याच्या लाकडाला लवकर कीड लागते. साधे प्लायवुड कोकणच्या पावसाळ्यात पदर सोडते. तिथे कडांना रंग किंवा जुन्या इंजिन ऑइलचे दोन हात देण्याची पद्धत आहे.

पुढच्या चाकासाठीचा लाकडी अडसर याच घराण्यातला. दोन समांतर पट्ट्यांमध्ये आसावर डोलणारा एक खोलगट तुकडा असतो. चाक त्यावर चढले की तुकडा पुढे कलतो आणि चाकाला मागूनपुढून पकडतो. टेम्पोतून गाडी नेताना हाच अडसर हौद्याच्या तळाला बोल्टने आवळतात आणि मग गाडी चारी बाजूंनी दोरांनी ताणून बांधतात.

काही गाड्यांपुढे लाकूड हात टेकते. होंडाने १९८७ मध्ये आरसी-३० या गाडीत मागचे चाक एकाच दांड्यावर बसवले; डुकातीची १९९४ ची ९१६ ही तशीच. अशा गाडीला दोन्ही बाजूंनी उचलायला स्विंगआर्मच नसतो. तिच्यासाठी आसाच्या पोकळीत शिरणारी पोलादी कांब लागते, आणि दोनशे किलोच्या गाडीचा बराचसा भार त्या एका कांबेवर पेलणारा जोड लाकडात बसवता येत नाही.